खेळाडूची नोकरी



या व्यासपीठावरून दरसाल वसंतात मोठमोठे पंडित बोलतात. आम्ही पडलो युनियनचे माणूस. शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर. चालकांची अपेक्षा अशी की आम्ही कामगार-कायद्यावर बोलावे. आम्ही त्यांना कळविले की आम्ही एका बास्केटबॉल खेळाडूवर बोलणार, आणि तोही लाटव्हिया देशाचा. त्यांना थोडे नवल वाटले असावे. परंतु त्यांनी मोडता घातला नाही, याबद्दल त्यांचे आभार मानतो.

विषय कसा सुचला ते सांगितले पाहिजे. आमच्या युनियनच्या कचेरीत रात्रपाळी उरकून आलेली पोरे सकाळी चहा पिता पिता मोबाइलवर अमेरिकेतले सामने पाहतात. तिकडची रात्र ती आपली सकाळ. एके दिवशी त्यांच्यात वाद जुंपला. एक म्हणाला, "क्लबने त्याला विकला." दुसरा म्हणाला, "विकला नाही रे, बदलून दिला." हे शब्द ऐकून आम्ही कान टवकारले. भांडे बदलून देतात, बैल बदलून देतात; माणूस बदलून देतात म्हणजे काय? आणि देतात तर त्या माणसाला कोणी विचारतो की नाही? पोरांनी नाव सांगितले : क्रिस्ताप्स पोर्झिंगिस. त्या नावाच्या मागे आम्ही लागलो, आणि जे हाती आले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहो.

लाटव्हिया हा बाल्टिक समुद्राच्या काठचा चिमुकला देश. वस्ती एकोणीस लाखांच्या आत. आपल्या एकट्या सातारा जिल्ह्याची माणसे त्याच्या दीडपटीहून अधिक भरतील. १९१८ साली स्वतंत्र झाला, १९४० साली सोव्हिएत संघाने गिळला, १९९१ साली पुन्हा सुटला. एवढ्याशा देशाला बास्केटबॉलचे वेड मात्र जुने. १९३५ साली जिनिव्हा येथे युरोपची पहिलीच अजिंक्यपद स्पर्धा झाली, ती या लाटव्हियाने जिंकली. अंतिम सामन्यात स्पेनचा २४ विरुद्ध १८ असा पराभव केला. आजच्या एका डावात याहून अधिक गुण होतात, पण तो काळ वेगळा. पुढे सोव्हिएत अमलात रीगा शहराच्या लष्करी क्लबने युरोपच्या क्लबांची स्पर्धा १९५८, १९५९ आणि १९६० अशी लागोपाठ तीन वर्षे जिंकली.

या देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर लिएपाया नावाचे बंदर आहे. वारा तिथेच जन्मतो असे तिकडचे लोक म्हणतात. सोव्हिएत काळात तिथे आरमाराचा तळ असल्याने बाहेरच्या माणसाला मज्जाव असे. रशियन आरमाराने १९९४ साली तळ सोडला आणि पुढच्याच वर्षी, २ ऑगस्ट १९९५ रोजी, आमचा हा नायक तिथे जन्मला. बाप तालिस हा उमेदीत बास्केटबॉल खेळलेला आणि पुढे बस चालविणारा. आई इंग्रीदा हीदेखील खेळणारी. थोरला भाऊ यानिस तेरा वर्षांनी मोठा. तो युरोपात व्यावसायिक म्हणून खेळला आणि पुढे धाकट्याचे व्यवहार पाहू लागला. म्हणजे घर ड्रायव्हरचे आणि वळण खेळाचे. त्या गावात पोलादाचा एक मोठा कारखाना होता. हा मुलगा परदेशी खेळत असताना, २०१३ साली, त्याचे दिवाळे वाजले. कारखान्यावर जगणारे गाव म्हणजे काय आणि भोंगा थांबला की त्या गावाचे काय होते, हे गिरणगाव पाहिलेल्या श्रोत्यांना आम्ही सांगावयास नको.

हा मुलगा पंधराव्या वर्षी, २०१० साली, स्पेनमधल्या सेव्हिल शहरी गेला. तिथल्या क्लबला काहासोल या बचत बँकेचे नाव होते. भाषा येत नाही, हवा उकाड्याची, आणि त्यातच अंगात रक्त कमी निघाले. सरावात धाप लागे आणि पाहणाऱ्याला वाटे, पोरगे आळशी आहे. वैद्यकीय तपासणी झाली, लोहाची औषधे सुरू झाली, तेव्हा कुठे दम टिकू लागला. आपल्याकडे किती शिकाऊ पोरांना मुकादमाने आळशी म्हणून हाकलले असेल आणि त्यातल्या किती जणांच्या अंगात नुसते रक्त कमी असेल, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. पुढे ती बँकही मोठ्या बँकेत विलीन झाली, आणि बँकेचे मन क्लबातून उडून क्लब विकायला काढला गेला. पण तोवर या मुलाचे नाव अमेरिकेपर्यंत पोचले होते.

आता अमेरिकेतली भरती कशी होते ते ऐका. तिथल्या मोठ्या व्यावसायिक लीगचे, म्हणजे एन.बी.ए.चे, तीस क्लब. दरवर्षी उन्हाळ्यात नव्या खेळाडूंची निवड होते. तिला ते 'ड्राफ्ट' म्हणतात. मागल्या वर्षी जे संघ फार हरले त्यांना सोडतीने आधीचे क्रमांक मिळतात, आणि आपापल्या क्रमांकावर एकेक क्लब एकेक मुलाचे नाव घेतो. ज्याने नाव घेतले त्याच्याकडेच त्या मुलाने जावयाचे. मुलाने क्लब निवडावयाचा नाही. पहिल्या फेरीत निवडलेल्यांचा पगारही क्रमांकावरून ठरलेल्या श्रेणीप्रमाणे. ही श्रेणी १९९५ सालच्या करारात आली, म्हणजे हा मुलगा जन्मला त्याच वर्षी. मुक्त बाजाराचे एवढे गोडवे गाणारा देश, पण तिथला हा बाजार असा की माल आपण होऊन कोणाकडे जाऊ शकत नाही.

२५ जून २०१५ रोजी ब्रुकलिनमध्ये ही निवड झाली. ८२ पैकी ६५ सामने हरलेल्या न्यूयॉर्क निक्स या क्लबने चौथ्या क्रमांकावर पोर्झिंगिसचे नाव घेतले, आणि सभागृहात बसलेल्या निक्सच्या पाठीराख्यांनी त्याची हुर्यो उडविली. एक लहान मुलगा तर रडू लागला. त्याचे ते रडणे साऱ्या अमेरिकेने दूरचित्रवाणीवर पाहिले. एकोणीस वर्षांच्या परक्या पोराचे नव्या कामावरचे स्वागत हे असे झाले. त्याने तोंडातून वाकडा शब्द काढला नाही. लोकांची मर्जी खेळून मिळवीन, अशा अर्थाचे काही तो बोलला आणि कामाला लागला.

त्याच्या कामाची रीत समजून घेणे जरूर आहे, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. बास्केटबॉलची कडी जमिनीपासून सुमारे ३ मीटर ५ सेंटिमीटर उंच असते. पूर्वी उंच माणसाचे काम ठरलेले : कडीखाली उभे राहावे, धक्के खावे, परतलेला चेंडू पकडावा, जवळून टाकावा. दुरून नेम धरणारे ते बुटके, म्हणजे तिकडच्या मापाने बुटके. पोर्झिंगिसची उंची २ मीटर १८ सेंटिमीटर. एवढा उंच माणूस सात-सव्वासात मीटरांवरच्या रेषेबाहेरून चेंडू टाकू लागला की समोरच्या उंच गड्याला कडी सोडून त्याच्यामागे बाहेर यावे लागते. कडी मोकळी पडते आणि इतरांना वाट होते. शिवाय त्याच्या चेंडूपर्यंत कोणाचा हात पोचत नाही. केव्हिन ड्युरंट या नामांकित खेळाडूने त्याला 'युनिकॉर्न', म्हणजे कथेतला तो एकशिंगी घोडा, म्हटले. दोन कामगारांचे काम एकटा करणारा माणूस मालकाला सापडला की मालक त्याला असेच काहीतरी अद्भुत नाव देतो, असे आमचे एक जुने सहकारी म्हणत. येथे नाव मालकाने दिले नव्हते, पण क्लबाने ते आनंदाने वापरले.

पहिल्याच हंगामात त्याने सामन्यामागे सरासरी १४.३ गुण केले, आणि हुर्यो उडविणारेच त्याच्या नावाचा घोष करू लागले. क्लबाचा कारभार मात्र विस्कळीत. २०१७ च्या एप्रिलमध्ये हंगामाअखेर क्लबाचे अध्यक्ष फिल जॅक्सन यांच्याबरोबर प्रत्येक खेळाडूची बैठक होती. पोर्झिंगिस तिला गेलाच नाही. बाविशीच्या आतल्या माणसाने बड्या साहेबाच्या खोलीत जाण्याचे नाकारले. जॅक्सन यांनी तर त्याला बदलून देण्याविषयी इतर क्लबांचे म्हणणे ऐकून घेण्यास सुरुवात केली. पण जून संपण्याच्या आत जॅक्सनच गेले आणि पोर्झिंगिस राहिला. गैरहजेरीचे हत्यार अशा तऱ्हेने यशस्वी झालेले आम्ही फार वेळा पाहिलेले नाही. आमच्याकडे एक खाडा पडला की चार दिवसांचा पगार तोडण्याची भाषा होते.

पुढच्या हंगामात तो सामन्यामागे २२.७ गुणांवर गेला. निवडक ताऱ्यांच्या सामन्यासाठी त्याचे नाव आले. आणि ६ फेब्रुवारी २०१८ रोजी, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, उंच उडी घेऊन त्याने चेंडू कडीत घातला, खाली उतरताना पाय वाकडा पडला आणि डाव्या गुडघ्यातील लिगामेंट फाटले. उडी बरोबर होती, चेंडूही कडीत गेला होता. काम चोख झाले आणि माणूस मोडला. यंत्रावरच्या अपघातांची चौकशी करताना आम्हाला नेहमी पहिला प्रश्न विचारतात : कामगाराची चूक काय? पुष्कळदा उत्तर असते : काही नाही. काम करीत होता, हीच.

येथे थांबून एका प्रश्नाला तोंड दिले पाहिजे, कारण तो आपल्या मनात आला असणारच. ज्याला कोट्यवधी डॉलर मिळतात तो कामगार कसा? आमच्या युनियनमधल्या एका कार्यकर्त्यानेही हे विषय ऐकताच विचारले. आमचे उत्तर असे. पगार किती यावरून माणूस कामगार ठरत नाही. त्याच्याकडे विकायला स्वतःच्या अंगाखेरीज काय आहे, काम कोठे करावयाचे ते कोण ठरवितो, आणि अंग मोडल्यावर घरी कोण बसतो, हे विचारावे. पोर्झिंगिसजवळ दोन गुडघे आणि दोन हात. क्लब, मैदान, तिकीट, दूरचित्रवाणीचे हक्क सारे दुसऱ्याचे. फरक आहे तो निराळ्याच ठिकाणी, आणि त्या फरकासाठीच हा विषय आम्ही घेतला.

तो गुडघा फाटल्यावर सुमारे वीस महिने तो एकही सामना खेळला नाही. या काळात त्याचा पगार चालू राहिला. इतकेच नव्हे, २०१९ च्या जुलैत, दीड वर्ष मैदानावर पाय न ठेवलेल्या या माणसाशी पाच वर्षांचा, १५ कोटी ८० लक्ष डॉलरांचा करार झाला. त्या वेळच्या भावाने हजार कोटी रुपयांच्या वर. आणि करार हमीचा. पुन्हा पाय मोडला तरी पैसे द्यावयाचे. आता मालक एकाएकी साधुसंत झाले काय? मुळीच नाही. तो करार त्या लिहिण्याच्या पद्धतीसह, हमीसह, वैद्यकीय कलमांसह, पासष्ट वर्षांच्या संघटनेतून आलेला आहे. ती हकिकत आम्हाला पोर्झिंगिसच्या सगळ्या गुणांपेक्षा प्रिय आहे, म्हणून थोडी विस्ताराने सांगतो.

१९५४ साली बॉस्टनचा खेळाडू बॉब कूझी याने एन.बी.ए.मधल्या खेळाडूंची युनियन उभारण्यास घेतले. मालकांनी बरीच वर्षे तिला धूप घातली नाही. निवृत्तिवेतन पाहिजे ही मागणी वर्षानुवर्षे टोलवली गेली. १४ जानेवारी १९६४ रोजी बॉस्टनमध्ये निवडक ताऱ्यांचा सामना होता. बाहेर बर्फाचे वादळ आणि आत दूरचित्रवाणीचे कॅमेरे तयार, कारण हा सामना राष्ट्रभर दाखवावयाचा होता. आणि त्या रात्री खेळाडू कपडे बदलण्याच्या खोलीतून बाहेर येईनात. निवृत्तिवेतनाचा शब्द द्या, नाही तर सामना नाही. युनियनचा अध्यक्ष टॉम हाइनसन हा स्वतः त्या सामन्यातला खेळाडू. एका क्लबाच्या मालकाने आपल्या दोन गड्यांना, एल्जिन बेलर आणि जेरी वेस्ट यांना, खोलीच्या दारावरून निरोप धाडला की मुकाट्याने बाहेर या. ते आले नाहीत. दूरचित्रवाणीची वेळ टळू लागली, तेव्हा लीगचे आयुक्त वॉल्टर केनेडी यांनी शब्द दिला, आणि मग सामना झाला.

संप कधी करावा हे ज्याला कळले त्याला अर्धी युनियन कळली. त्या गड्यांनी हंगामाच्या मधल्या एखाद्या मंगळवारी, ओस मैदानावर, खेळणे नाकारले असते तर कोणी लक्ष दिले नसते. कॅमेरा लागला असताना नाकारले. दिवाळीपूर्वी बोनसची बोलणी का काढतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा मुद्दा फोडून सांगावयास नको.

तरी एक गाठ राहिलीच होती. खेळाडूचा करार संपला तरी त्याच्यावरचा क्लबाचा हक्क संपत नसे. करार संपला, माणूस सुटला नाही. १९७० साली ऑस्कर रॉबर्टसन या श्रेष्ठ खेळाडूच्या नावाने युनियनने न्यायालयात दावा लावला. रॉबर्टसन तेव्हा युनियनचा अध्यक्ष होता. १९७६ साली तडजोड झाली आणि ती बेडी सैल झाली. ज्याने नाव दिले त्याचे स्वतःचे उमेदीचे दिवस तोवर सरले होते. तो निवृत्त झाला होता. फळे पुढल्या पिढ्यांनी खाल्ली. पोर्झिंगिस त्यांतला एक.

मालकांनीही पुढे आपली शस्त्रे वापरली. १९९८ च्या जुलैत त्यांनी टाळेबंदी केली, ती १९९९ च्या जानेवारीपर्यंत, साडेसहा महिन्यांवर चालली, आणि त्या वर्षीचा हंगाम ८२ ऐवजी ५० सामन्यांचा झाला. २०११ साली पुन्हा टाळेबंदी, १६१ दिवस. भांडण कशाचे? लीगच्या उत्पन्नात खेळाडूंचा वाटा ५७ टक्के होता. तो टाळेबंदीनंतर ४९ ते ५१ टक्क्यांच्या दरम्यान आला. पहा, येथेही युनियन हरली असे म्हणता येईल. पण हरल्यावरसुद्धा उत्पन्नाचा निम्मा वाटा कामगारांकडे राहिला, ही गोष्ट आम्ही आमच्या वाटाघाटींत बसणाऱ्या पोरांना मुद्दाम सांगतो. आपल्याकडे कंपनीच्या उत्पन्नातला मजुरीचा टक्का विचारला तर साहेब म्हणतो, ही माहिती गोपनीय आहे.

आता 'बदलून देणे' याकडे वळू. ३१ जानेवारी २०१९ रोजी निक्सने पोर्झिंगिसला डॅलस शहराच्या क्लबाला दिले. तो आणि त्याच्यासह आणखी तिघे तिकडे गेले, तिकडून तिघे इकडे आले, आणि वर इकडच्या क्लबाला पुढल्या वर्षांच्या दोन निवडींचे हक्क मिळाले. म्हणजे त्या सौद्यात सात माणसे होती आणि दोन अशी मुले होती की जी त्या वेळी कुठेतरी शाळेत बसलेली असतील व ज्यांना आपला सौदा झाला याची वार्ताही नसेल. खरे तेही सांगितले पाहिजे : येथे पोर्झिंगिसने आपली नाराजी साहेबांच्या कानावर घातली होती, आणि त्याला तिथून सुटावयाचे होतेच. पण बरोबर गेलेल्या तिघांना आणि उलट आलेल्या तिघांना कोणी विचारले? करार माणसाबरोबर जातो, पगार बुडत नाही, हे खरे. पण बिऱ्हाड हलते, मुलांची शाळा हलते, आणि हे कळते ते पुष्कळदा बातमीवरून. बदलीला नकार देण्याचा हक्क करारात घालून घ्यावयाचा तर लीगमध्ये आठ वर्षे आणि त्याच क्लबात चार वर्षे झालेली पाहिजेत. आणि तेवढी झालेल्यांपैकीही तो फार थोड्यांना मिळतो. इतकी बळकट युनियन, पण हे कलम तिला आजवर हलवता आलेले नाही.

डॅलसमध्ये त्याची जोडी लुका डॉन्चिच या स्लोव्हेनियाच्या खेळाडूशी जमेल असे वाटले होते. थोडी जमली, पुष्कळशी नाही. उजवा गुडघा २०२० साली दुखावला. १० फेब्रुवारी २०२२ रोजी त्याला वॉशिंग्टनला देण्यात आले, आणि त्याच्या बदल्यात आलेल्या दोघांपैकी एक होता दाविस बेर्तान्स, तोही लाटव्हियाचाच. इतक्या छोट्या देशातली इनमिन थोडी माणसे त्या लीगमध्ये, राष्ट्रीय संघात खांद्याला खांदा लावून खेळलेली, आणि त्यांतला एक दुसऱ्याच्या मोबदल्यात तराजूत पडला.

या बेर्तान्सविषयी एक गोष्ट सांगितल्याखेरीज आमच्याने पुढे जाववत नाही. लहानपणी लाकूड कापताना अपघात होऊन त्याच्या उजव्या हाताच्या अनामिकेचा मोठा भाग गेला. नेम धरावयाचा तोच हात. तरी तो लीगमधल्या उत्तम दूरनेमींपैकी एक गणला गेला, आणि २०२० साली त्याला पाच वर्षांचा ८ कोटी डॉलरांचा करार मिळाला. आमच्या भागातल्या एका कारखान्यात पॉवर-प्रेसवर बावीस वर्षांच्या एका पोराची दोन बोटे गेली. ठेकेदार म्हणाला, हा आमच्या मस्टरवर नाही. कंपनी म्हणाली, हा ठेकेदाराचा माणूस. भरपाईसाठी आम्ही तीन वर्षे खेटे घातले. ते पोरगे त्या काळात गावी परत गेले. बोटे त्याचीही गेली आणि बेर्तान्सचीही. त्याच्यामागे उभे राहणारे कोण, हा फरक.

वॉशिंग्टनमध्ये पोर्झिंगिसचे अंग बरे राहिले आणि २०२२-२३ च्या हंगामात त्याने सामन्यामागे २३.२ गुण केले. तोवरच्या त्याच्या कारकिर्दीतले ते सर्वांत अधिक. संघ मात्र हरणारा. २०२३ च्या जूनमध्ये तीन क्लबांचा मिळून सौदा झाला आणि तो बॉस्टन सेल्टिक्सकडे गेला. कूझी आणि हाइनसन यांचा तोच क्लब. त्याच उन्हाळ्यात पायाच्या दुखण्यामुळे त्याला जागतिक स्पर्धेस मुकावे लागले. लाटव्हिया त्या स्पर्धेत प्रथमच उतरला होता, आणि त्याच्यावाचून पाचवा आला. फ्रान्स आणि स्पेन दोघांनाही त्यांनी हरवले. एका माणसावाचून अडते असे ज्यांना वाटत होते त्यांनी तो निकाल पाहावा.

बॉस्टनला त्याला यश मिळाले. २०२४ च्या एप्रिलअखेर पोटरी दुखावली, पाच-सहा आठवडे तो बाहेर बसला, आणि ६ जून रोजी अंतिम मालिकेच्या पहिल्या सामन्यात राखीव म्हणून उतरून २१ मिनिटांत २० गुण करून गेला. समोर कोण? तेच डॅलस, ज्याने त्याला देऊन टाकले होते. दुसऱ्या सामन्यात डावा पाय पुन्हा गेला; पायातला एक स्नायुरज्जू जागचा सरकला. तरी १७ जूनच्या शेवटच्या सामन्यात तो सोळा मिनिटे खेळला. क्लब अजिंक्य झाला, आणि दहा दिवसांनी या माणसावर शस्त्रक्रिया झाली. तो त्या पायाने का खेळला याचे लोकांनी कौतुक केले. आम्ही कौतुक करीत नाही. मोडक्या अंगाने पाळी भरणाऱ्याचे कौतुक मालकाने करावे. युनियनने त्याला घरी बसवावे. पण त्याने विचारले असते, दहा वर्षे ज्यासाठी घाम गाळला तो दिवस आला असताना घरी कसा बसू, तर आम्ही काय उत्तर देणार होतो, हेही ठाऊक नाही.

आता त्या क्लबाच्या मालकांचे पहा. २००२ साली त्यांनी सेल्टिक्स ३६ कोटी डॉलरांना घेतला होता. २०२५ च्या मार्चमध्ये तो ६१० कोटी डॉलरांच्या मोलाने विकला जात असल्याचे जाहीर झाले. आणि त्याच वर्षी जूनमध्ये काय झाले? पगाराचा बोजा फार झाला, लीगच्या नियमाप्रमाणे दंडाचा कर भरावा लागेल, म्हणून खर्च कमी करणे आवश्यक आहे, असे सांगण्यात आले; आणि वर्षापूर्वी अजिंक्यपद मिळवून देणाऱ्या पोर्झिंगिसला अटलांटाला देऊन टाकले. त्या हंगामात एका रेंगाळलेल्या विषाणूजन्य आजाराने त्याला ग्रासले होते, हेही त्या सौद्याला सोयीचे पडले असेल. मालमत्ता सतरापट वाढली, आणि पगार परवडेना. हा हिशेब आम्ही आमच्या सभेत फळ्यावर खडूने मांडला, तेव्हा मागच्या बाकावरून एक पोरगे ओरडले, "हे तर आपल्याच कंपनीचे चालले आहे!" २०१९ ते २०२५ या सहा वर्षांत या माणसाला असे चार वेळा बदलून देण्यात आले.

व्यासपीठावर एक चिठ्ठी आली आहे. एका भगिनीने विचारले आहे की त्या देशात बाया खेळत नाहीत काय, आणि त्यांचे काय. चिठ्ठी बरी आली. पोर्झिंगिसच्या खूप आधी, लाटव्हियाचे नाव ज्या माणसामुळे बास्केटबॉलच्या जगात सर्वांना ठाऊक झाले ती बाईच होती. उलियाना सेम्योनोव्हा, जन्म ९ मार्च १९५२, लाटव्हियाच्या आग्नेय कोपऱ्यातले मेदुमी खेडे. उंची दोन मीटरांहून कितीतरी अधिक. तेराव्या वर्षी तिला रीगाला आणले. तिच्या क्लबाचे नाव 'टी.टी.टी.', आणि या तीन अक्षरांचा अर्थ ऐकून आम्हास फार आनंद झाला : ट्राम आणि ट्रॉलीबस ट्रस्ट. आपल्या बेस्टच्या ट्राम-बसच्या खात्याने संघ उतरवावा आणि त्याने सगळा युरोप जिंकावा, तसे. या ट्रामवाल्यांच्या संघाने युरोपच्या क्लबांचे अजिंक्यपद अठरा वेळा मिळविले. सेम्योनोव्हाने १९७६ आणि १९८० अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळविली, आणि ती खेळत असताना सोव्हिएत संघाने अधिकृत आंतरराष्ट्रीय स्पर्धांत एकही सामना गमावला नाही असे सांगतात. १९९३ साली अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या कीर्तिमंदिरात तिचे नाव गेले.

परंतु ती व्यावसायिक नव्हती. सोव्हिएत कायद्यात व्यावसायिक खेळाडू असा प्रकारच नव्हता. सगळे हौशी, कुठल्या तरी नोकरीच्या पटावर नाव लावलेले. पस्तिशीला आल्यावर, १९८७ साली, तिला स्पेनमध्ये आणि मग फ्रान्समध्ये पैसे घेऊन खेळण्याची मुभा मिळाली. त्या काळी परदेशी खेळणाऱ्या सोव्हिएत खेळाडूंच्या पगाराचा मोठा हिस्सा सरकारी क्रीडायंत्रणेकडे जमा होई. एकीकडे माणूस बदलून देणारे मालक, एकीकडे पगार ठेवून घेणारे सरकार. युनियन पहिल्या ठिकाणी होती म्हणून तिथे निवृत्तिवेतन आले. दुसऱ्या ठिकाणी क्लबावर ट्रामच्या कामगारांचे नाव होते, पण खेळाडूंच्या वतीने बोलणारी युनियन नव्हती.

देश सुटल्यावर सेम्योनोव्हाने काय केले ते सांगून थांबतो. लाटव्हियात म्हाताऱ्या, आजारी ऑलिंपिक खेळाडूंना मदत करणारा एक सामाजिक निधी आहे. त्याचे काम तिने अनेक वर्षे सांभाळले. तिच्या दाराशी येणारे बहुतेक जण तिच्याच वेळचे, देशासाठी पदके आणलेले आणि कागदोपत्री हौशी राहिलेले.